टॅमरॅक गल्लीची रेघ

३ एप्रिल, बुधवार

मर्लला बोलायला शिकवायला येते ती पोरगी, ॲनिका, ही वही देऊन गेली. म्हणाली, "वेल्डा, रोज लिहायचं. मर्ल काय बोलला, कशानं खूश झाला, कशानं चिडला." मी म्हटलं, बाई गं, लिहावं लागू नये म्हणूनच तर मी नववीत शाळा सोडली. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

तर लिहिते. मर्ल आज खुर्चीत बसला. कालही बसला होता. नोव्हेंबरात झटका आला तेव्हापासून समोरच्या खिडकीशी बसून असतो. उजवं अंग लुळं. शब्द दोनच, एक "नाही" आणि एक शिवी. शिवी अगदी स्वच्छ येते. चालायला शिकवणारा बुवा येतो, त्याला मर्ल रोज तीच देतो. तो बुवा मला स्वयंपाकघरात नेऊन हळूच म्हणाला, "या उन्हाळ्यात हे आपणहून उठले नाहीत तर पुढं कठीण आहे. तुम्हाला एकटीला झेपणार नाही. कुठंतरी ठेवावं लागेल."

कुठंतरी म्हणजे कुठं ते मला माहीत आहे. वृद्धाश्रमात. माझी जाऊ तिथंच गेली, भिंतीकडे तोंड करून.

पण मर्ल श्रॉकला कुणी सांगितलं आणि तो उठला, असं लग्नापासून मी बघितलं नाही. त्यालाच उठावंसं वाटलं पाहिजे.

दुपारी कॉर्विन बीचम आला. वस्ती-समितीचा अध्यक्ष. हाच कॉर्विन आमच्या दारात बास्केटबॉल खेळून मोठा झाला, शर्टाच्या बाहीला नाक पुसायचा. आता त्याचे शर्ट इस्त्रीचे असतात.

"मिसेस श्रॉक, तुमचा तो बास्केटबॉलचा खांब."

"काय झालं त्याला?"

"गंजलाय. समितीनं ठरवलंय, खेळाचं जे सामान वापरात नाही ते चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या आत काढायचं. गल्ली स्वच्छ दिसली पाहिजे."

"वापरात नाही कोण म्हणतं?"

"शेवटचं कोण खेळलं यावर?"

मी दार लावलं.

६ एप्रिल

शिडीवर चढून बघितलं. जाळीचा एक दोरा लोंबतोय आणि फळीमागं गांधीलमाश्यांचं जुनं पोळं. पोळं काढलं, नवी जाळी बांधली. दुकानातल्या पोरानं विचारलं होतं, नातवंडांसाठी का? म्हटलं, नाही, खांबासाठी. आम्हाला पोरं झाली नाहीत, नातवंडं कुठून आणू?

मी शिडीवर होते तेव्हा मर्ल खिडकीच्या काचेवर डावा हात आपटत होता. उतर म्हणत असेल. उतरले नाही.

९ एप्रिल

आज खरं लिहिण्यासारखं झालं. गॅरेजात चेंडू सापडला, सायकलच्या पंपानं हवा भरली. हवा पुरली का बघायला एकदा सिमेंटवर आपटला, तर मर्लनं मान वळवली. सबंध हिवाळ्यात टीव्हीवर मॅच लावून बघितली, शाळांच्या मोठ्या स्पर्धेचा शेवटचा सामनासुद्धा लावला, तेव्हा डोळा हलला नाही. आणि आता मान.

मला काय ते कळलं. त्याला पोरं पाहिजेत. हा माणूस तीस वर्षं कारखान्यातून आला की आधी पिकअप ट्रक दारातून काढून रस्त्यावर लावायचा, म्हणजे पोरांना जागा होईल. मग रंगाची बादली उलटी घालून बसायचा. कॉफी मी खिडकीतून द्यायची. आमच्याच दारात नाही, सगळ्या गल्लीत रिंगा होत्या, आणि जेवणाच्या वेळी एवढा दणदणाट की बायकांना पोरांची नावं दोनदा हाकारावी लागायची. आता आमचीच एक उरली. डेल हॉफर्टकडे एक चाकावरची होती, ती गेल्या वादळात तोंडावर पडली ती तिथंच आहे. तिच्या बुडातून गवत आलंय.

तर मी ठरवलं. चार जुलैच्या आत या दारात पोरं खेळली पाहिजेत. मग खांब राहील आणि मर्ल उठेल. एका दगडात दोन पक्षी.

जाळी धरते का बघायला एक चेंडू टाकून पाहिला. गुडघ्यांच्या मधून, दोन्ही हातांनी, खालून वर. मला तेवढंच येतं. आमच्या गोठ्याच्या भिंतीला रिंग होती, तिथं भावांच्यात शिकले. मर्ल पण तिथंच भेटला. घोडा, म्हणजे एकानं टाकला तसाच चेंडू दुसऱ्यानं टाकायचा तो खेळ, खेळायला म्हणून आला आणि माझ्याकडून हरला. मग रोज येऊन हरायचा. लग्नानंतर काही मी चेंडूला हात लावला नाही, घर कोण बघणार? पहिला चुकला. दुसरा चुकला. तिसरा गेला. जाळी धरते.

मर्ल रात्री पोटभर जेवला. नूडल्स आणि कुस्करलेला बटाटा.

१४ एप्रिल

चर्चनंतर घरोघर गेले. म्हटलं, पोरं पाठवा. जे ऐकलं ते लिहून ठेवते, नाहीतर उद्या मला खरं वाटणार नाही.

एकीनं विचारलं, "किती वाजता ते किती वाजता?" म्हटलं, शाळा सुटल्यापासून तुम्ही जेवायला हाक मारेपर्यंत. ती म्हणाली, "आम्ही हाक मारत नाही, मेसेज करतो."

दुसरीनं विचारलं, "प्रशिक्षक कोण?" म्हटलं, कुणी नाही. "मग शिकवणार कोण?" म्हटलं, एकमेकांना शिकवतील. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं मी पोरांना विहिरीत सोडा म्हटलं.

डेल हॉफर्ट म्हणाला, "आमचा कोल्बी क्लबात खेळतो, वेल्डा. मंगळवार-गुरुवार सराव, शनिवारी परगावी सामने. दारात खेळून त्याचा हात बिघडेल."

"हात बिघडेल म्हणजे?"

"वाईट सवयी लागतील."

"तुला लागल्या का? तू माझ्याच दारात खेळलास."

"मी कुठं पुढं गेलो?" असं म्हणून तो हसला आणि माझ्या तोंडावर दार लावायच्या आधी त्याची नजर मर्लच्या खिडकीकडे गेली.

२० एप्रिल

पुठ्ठ्यावर लिहून लावलं, "बास्केटबॉल. फुकट. लिंबू सरबत." शुगर क्रीम पाय ही साय-साखरेची मिठाई भाजली. एक आई पोराला घेऊन आली, घडीची खुर्ची पण आणली. बसली. थोड्या वेळानं विचारते, "सुरू कधी होणार?" पोरगं चेंडू हातात घेऊन उभं. मिठाई खाऊन गेले दोघं.

कुणी येत नाही तोवर संध्याकाळी मीच जरा चेंडू आपटते, आवाज व्हावा म्हणून. मर्ल खुर्चीत पुढं सरकून बसतो. पोरांची वाट बघतो बिचारा.

२८ एप्रिल

मूर्खपणा झाला की काय कळत नाही.

फ्री थ्रोची, म्हणजे उभं राहून मोकळा चेंडू टाकायची रेघ पार पुसट झाली होती. ती मर्लनं लग्नानंतर दोन वर्षांनी खांब रोवला तेव्हा काढलेली, आणि चुकीची. पंधरा फूट मोजायचे ते फळीखालून, ह्या बाप्यानं मोजले खांबापासून. फळी खांबाच्या पुढं लोंबते, म्हणजे रेघ तेवढी जवळ आली. मी तेव्हाच सांगितलं होतं. तो म्हणाला, "रंग वाळला." मग काय, टॅमरॅक गल्लीची पोरं पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या मैदानावर गेली की चेंडू कमी पडायचा, रिंगच्या पुढच्या कडेला टण्ण करून परत. शाळेचा प्रशिक्षक लांबून ओळखायचा, हा टॅमरॅकचा.

आज मी टेप घेतली, फळीखालून नीट मोजलं, जुनी रेघ तारेच्या ब्रशनं खरवडली, नवी काढली. सरळ, पांढरी. आत येऊन म्हटलं, बघ, अखेर बरोबर झाली. मर्लनं ती शिवी दिली. ताट ढकललं. तोंड फिरवून बसला, डोळ्यांत पाणी. तोंडात शब्द असता तर भांडलो तरी असतो.

रंगाचा वास लागला असेल.

३ मे

एक आली! कोपऱ्यावरच्या भाड्याच्या घरात राहतात त्यांची मुलगी, इत्सेल. अकरा वर्षांची, केस वर बांधलेले, जीभ कात्रीसारखी. कुंपणाशी उभी राहून बघत होती.

"मिस वेल्डा, तुम्ही असा का टाकता? बादलीतलं पाणी फेकल्यासारखा?"

"पडतो ना आत?"

"पडतो. पण वाईट दिसतो."

"मी काय फोटो काढून घ्यायला उभी आहे? तू टाकून दाखव."

तिनं वरून, एका हातानं टाकला. फळीलाही लागला नाही, थेट माझ्या पिओनीच्या वाफ्यात. ती पळायच्या तयारीत. मी म्हटलं, "वाफ्यात गेला की ज्यानं टाकला त्यानं आणायचा, आणि फूल मोडलं तर माझ्या शिव्या खायच्या. नियम आहे." तिनं आणला. फूल मोडलं होतं. शिव्या खाल्ल्या. परत टाकला. मग म्हणते, "तुमचा तो बादलीवाला शिकवा."

मी तिला घोडा शिकवला. एकानं जसा चेंडू टाकून आत घातला तसाच दुसऱ्यानं टाकायचा, जिथून तिथून, जसा तसा. चुकला की एक अक्षर. एच-ओ-आर-एस-ई, पाच अक्षरं भरली की तू घोडा. अंधार पडेपर्यंत तिला चार वेळा घोडा केलं. सोडून द्यायची सवय मला नाही, पोर असो की थोर.

मर्ल टक लावून बघत होता. सांगितलं होतं ना, पोरं पाहिजेत त्याला.

११ मे

इत्सेलनं दोन चुलतभाऊ आणले, आणि कोल्बी हॉफर्टही आला. का आलास विचारलं, तर म्हणतो, "इत्सेल म्हणाली तुम्ही क्लबातल्या सगळ्यांना हरवाल." मी असं कधी म्हटलं नव्हतं. पण हरवेन.

कोल्बीचा हात देखणा आहे, पुस्तकातल्या चित्रासारखा. पण एक चेंडू टाकला की थांबतो.

"आता काय करायचं?"

"खेळायचं."

"कोणता सराव?"

"सराव नाही. दोन-दोन जण. खेळा."

खेळले. चुलतभावानं कोल्बीच्या हातावर चापट मारली. कोल्बी थांबला, इकडं तिकडं बघायला लागला. शिट्टी कोण वाजवणार म्हणून! कुणी वाजवली नाही तर त्यानं चेंडू खाली ठेवला आणि उभा राहिला. चौघंही उभे. मला राहवेना.

"अरे, हातावर मारलं ना त्यानं? मग ओरड!"

"काय ओरडू?"

"फाउल म्हण. आणि तू रे, तू म्हण, हात लावलाच नाही."

"पण मी लावला."

"तरी म्हण! मग भांडा. भांडण मिटलं नाही तर तो चेंडू परत खेळा. एवढं येत नाही? कोण शिकवतं तुम्हाला?"

लाजत लाजत भांडले. पहिलं भांडण अगदीच पिचकं. तिसऱ्याला जरा जीव आला, इत्सेलनं तर कोल्बीच्या आजीपर्यंत गोष्ट नेली. जेवायच्या वेळी असा आरडाओरडा होता की पलीकडची बाई दार उघडून बघायला आली. मी म्हटलं, काही नाही, खेळतायत.

आत आले तर मर्ल झोपलेला. एवढ्या गोंगाटात! आता काय म्हणावं या माणसाला.

१९ मे

कॉर्विन चालत चालत आला, हातात कुत्र्याची दोरी. पोरं नव्हती, रविवार. म्हणाला, "ऐकलं की पोरं येतायत."

"येतात. चांगली भांडतात."

"माझे दोघं क्लबात. शनिवारी तीन तास गाडीत, वीस मिनिटं मैदानात." असं म्हणत त्यानं चेंडू उचलला, कुत्र्याची दोरी माझ्या हातात दिली आणि खाली न बघताच जाऊन उभा राहिला. टाकला. आत. मग पायांकडं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. माझी नवी रेघ त्याच्या मागं होती.

"रेघ हलली," तो म्हणाला.

"हलली नाही. सुधारली. मर्लची चुकीची होती."

"माहीत आहे. आम्हा सगळ्यांना माहीत होतं, मिसेस श्रॉक. शाळेच्या मैदानात चेंडू कमी पडला की आम्ही एकमेकांकडं बघून हसायचो. मर्लना सांगायची कुणाची छाती नव्हती."

मग इस्त्रीचा शर्ट ठीक करून म्हणाला, "नियम मात्र नियम आहे. चार जुलैला परेड झाली की समिती फेरी मारणार. वापरात दिसलं पाहिजे. माझं एकट्याचं चालत नाही."

जुन्या रेघेच्या जागी सिमेंट जरा खोलगट आहे, जिथं पोरांच्या बुटांनी घासलंय. उभं राहायला गेलं की पाय आपोआप तिथं जातात. मी टेपनं मोजलं आणि पायानं बघितलं नाही.

२० मे

नवी रेघ खरवडली. खांबापासून मोजून जुन्या जागी काढली. कोल्बी आला तर तोंड वाकडं. "मिस वेल्डा, हे नियमात बसत नाही."

"क्लबात बसत नाही. ही या घरची रेघ आहे. इथं हीच."

"मग माझा चेंडू तिकडं कमी पडेल."

"पडू दे. तुझ्या बापाचा पण पडायचा."

आत जाऊन मर्लला सांगितलं, "घे तुझी चुकीची रेघ." त्यानं डावा हात वर केला आणि माझा दंड धरला. बराच वेळ सोडेना. भांडी तशीच राहिली सिंकमध्ये.

२ जून

शाळेला सुट्टी लागली. गाड्या ही खरी पीडा. पूर्वी घराला एक गाडी, ती गॅरेजात. आता गॅरेजात पेट्या आणि व्यायामाची सायकल, आणि दारात तीन तीन गाड्या. इत्सेलच्या घरापुढं खेळू म्हटलं तर जागा नाही, हॉफर्टच्या दारात दोन ट्रक. मी डेलच्या दारासमोर उभी राहून ओरडले, "डेल, गाडी काढ!" मर्ल ओरडायचा तस्सं. डेल बनियनवर बाहेर आला, किल्ल्या घेऊनच. काही न विचारता दोन्ही ट्रक रस्त्यावर लावले, मग पडलेली ती चाकावरची रिंग उभी केली. नंतर म्हणतो, "मी का काढल्या गाड्या?"

आता गल्लीत दोन रिंगा.

९ जून

पोरं दुपारभर खेळली. मर्लनं दोनदा बघितलं आणि पेंगला. ॲनिकाला सांगितलं, औषध बदलायला हवं. ती म्हणाली, "संध्याकाळी कसा असतो?" संध्याकाळी बरा असतो. पोरं गेल्यावर मी रेघेवरून थोडे चेंडू टाकते, कमरेला बरं वाटतं, तेव्हा जागा असतो. ऊन उतरतं ना, डोळ्यांवर येत नाही.

२२ जून

उठला.

उठला! कुणी धरलं नव्हतं. पोरं जेवायला गेली होती, मी एकटीच टाकत होते, लागोपाठ पडत होते आणि मोजायचं नाही असं ठरवूनही मोजत होते. खिडकीकडं बघितलं तर मर्ल खिडकीच्या चौकटीला धरून उभा. मी चेंडू टाकून धावले. तो बुवा म्हणाला होता ना, आपणहून. तर आपणहून. पण वेळ बघा. पोरं असताना उठायला काय झालं होतं? जन्माचा उशिरा. लग्नालाही उशिराच आला होता.

दारापर्यंत चालला तर मी देवाला काही मागायची नाही. तोवर खांब हलता कामा नये.

१ जुलै

आणि आता हे. चार जुलैला एकही पोर नाही. इत्सेलच्या घरचे मिशिगनला मावशीकडे, चुलतभाऊ त्यांच्याबरोबर. कोल्बीचा क्लब परगावी. बाकीचे तळ्यावर. मी म्हटलं, एक तास थांबा, समिती येऊन जाऊ दे. इत्सेल म्हणाली, "बाबा पहाटेच निघणार. मिस वेल्डा, तुम्ही खेळा ना."

"मी? मी कोण?"

ती माझ्याकडं बघत राहिली, जसं मी एखादा सोपा पाढा चुकले.

३ जुलै

काही लिहावंसं वाटत नाही. बटाट्याचं सॅलड केलं. मर्ल खाताना माझ्याकडं बघत होता. उद्या समितीसमोर दारातली रिकामी फरशी असणार. खांब काढायला माणूस आणला तर मी त्याच्यापुढं बसेन. बसले की मला उठवणंही सोपं नाही.

४ जुलै, गुरुवार

परेड संपली, लोक खुर्च्या घेऊन परत येत होते. कॉर्विन आणि समितीतले आणखी दोघं दाराशी. कॉर्विनच्या अंगात झेंड्याच्या रंगाचा शर्ट. त्यानं फरशी बघितली, मला बघितलं. त्याचं तोंड कडू झालं.

"मिसेस श्रॉक, पोरं?"

"तळ्यावर."

मग तोंडातून निघून गेलं. "पोरं नाहीत तर नाहीत. मी वापरते. घे चेंडू. घोडा."

"आत्ता?"

"का? शर्ट चुरगळेल?"

मागं कुणीतरी हसलं. खुर्च्या घेतलेले लोक रस्त्यावर थांबायला लागले. कॉर्विननं घड्याळ काढून समितीच्या माणसाकडं दिलं. तो विसरला नव्हता. गॅरेजच्या कोपऱ्यातून, दिव्याच्या वरून, आत. मला अक्षर. मी फळीच्या डाव्या बाजूनं, त्याला अक्षर. पाठमोरा टाकला त्यानं, तो मला जमला, माझा मलाच विश्वास बसेना. पिओनीच्या वाफ्याच्या कडेवरून त्याचा गेला वाफ्यात, त्यानंच आणला, आणि सवयीनं म्हणाला, "सॉरी, मिसेस श्रॉक." डेल हॉफर्ट ओरडत होता, "कॉर्विन, बाहीला नाक पूस!"

दोघांची चार चार अक्षरं झाली. पाळी माझी. कंबर भरून आली होती, घाम डोळ्यांत. मी रेघेवर उभी राहिले, मर्लच्या चुकीच्या रेघेवर. तेवढ्यात मागं जाळीचं दार आपटलं. बघितलं नाही. बघितलं असतं तर चुकले असते. गुडघ्यांमधून, दोन्ही हातांनी, खालून वर. जाळी हललीसुद्धा नाही, नुसता आवाज.

आता कॉर्विनला तसाच टाकायचा. तसाच्या तसा. झेंड्याचा शर्ट, समितीचा अध्यक्ष, गुडघे फाकवून, सगळ्या गल्लीसमोर. त्यानं इकडं तिकडं बघितलं. लाजत टाकला. लाजून टाकलेला कधी जात नाही. रिंगच्या पुढच्या कडेला टण्ण करून परत.

"टॅमरॅकचा!" डेल ओरडला, आणि सगळी गल्ली हसली, कॉर्विनही.

मी वळले. मर्ल पायरीवर होता. खिडकी, दिवाणखाना, दार, एवढं एकट्यानं. भिंत धरून आला असेल. पांढराफटक, लटपटत, आणि डावा हात आपल्याच मांडीवर आपटत होता, शिडीवर होते तेव्हा काचेवर आपटत होता तसा. दोघांनी त्याला धरून बसवलं.

कॉर्विन समितीच्या माणसांना म्हणाला, "वापरात आहे. पुढच्या घरी चला."

मी त्याला कुंपणाशी गाठलं. "हे आजच्यापुरतं होतं हां. पोरं रविवारी परत येतील, मग रोज असतील. तू येऊन बघ."

"मिसेस श्रॉक," तो म्हणाला, "नियमात पोरं असं कुठं म्हटलेलं नाही. आणि मर्ल कुणासाठी बाहेर आले असं वाटतंय तुम्हाला?"

"गलका झाला म्हणून आला. त्याला आवाज लागतो."

कॉर्विननं माझा हात थोपटला. बरं लक्षण नाही, माणसं असं थोपटायला लागली की.

५ जुलै

ॲनिकाला सगळं सांगितलं. म्हटलं, पोरं येतील या आशेनं बाहेर आला. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

६ जुलै

गल्ली अजून रिकामी. पोरं उद्या येणार. जेवण लवकर आटोपलं आणि भांडी टाकून मी बाहेर गेले, कंबर ताठली होती म्हणून. थोड्या वेळानं दार वाजलं. मर्ल काठी टेकत आला. मी धावले तर काठीनंच मला बाजूला सारलं. गॅरेजाशी त्याची रंगाची बादली मी कधीची उलटी घालून ठेवली आहे, पोरं वस्तू ठेवतात तिच्यावर. तिच्यावर बसला. धापा टाकत.

म्हटलं, "आज कुणी नाही रे. उद्या येतील. आत चल."

त्यानं मान हलवली. चेंडू गडगडत त्याच्या पायाशी गेला होता. डाव्या पायानं माझ्याकडं ढकलला. मी एक टाकला, म्हटलं, टाकते आणि याला आत नेते. पडला. चेंडू परत उतारावरून त्याच्याकडं. परत ढकलला. नोव्हेंबरापासून ऐकला नाही असा शब्द त्याच्या तोंडातून आला, जड, पण नीट.

"पुन्हा."

माझी कंबर मोडली होती. तरी टाकला.

"पुन्हा," म्हणाला.